शरणप्पांची पेटी

लगीनसराई आली की मला राग येतो. बाकीच्यांना या दिवसांत मोगरा आठवतो, पन्हं आठवतं, ओल्या हळदीचा वास आठवतो. मलाही आठवतं सगळं. पण त्याच्या आधी राग येतो आणि मग कामाला हात चढतो. आमच्या औरादच्या भाऊबंदांत कुणाचंही लग्न निघालं की याद्या माझ्याकडे येतात. मांडवाचे डांब कुणाकडून आणायचे, पाण्याच्या घागरी किती, हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, गहू कुणी भरडायचा, रुसणाऱ्या पाहुण्यांना कुठं बसवायचं. शाळेत वेळापत्रक मी करते, घरात लग्न मी करते. राग असला की यादीतलं काही सुटत नाही, हा माझा अनुभव आहे.

यंदा भावाच्या मुलीचं लग्न. वैशाखाचं ऊन असं की अंगणातल्या भिंतीला हात लावता येत नाही आणि ज्वारीचे पापड बघता बघता कुरकुरीत होतात. बिदरकडून येणाऱ्या बसगाड्या तांबडी धूळ घेऊन येतात. आमच्या काळ्या मातीच्या गावात कुणाच्या अंगावर ती दिसली की कळतं, पाहुणा कुठून आला. मल्लिनाथ आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा तांबड्या होत्या. बसच्या टपावरून त्यानं एक पेटी उतरवून घेतली, पोटाशी धरून दारापर्यंत आणली आणि उभ्यानंच विचारलं, "अक्का आल्यात का हुलसूरहून?"

मी त्याला ओळखलं नाही, पेटीला ओळखलं. सागवानी चौकट, समोर जाळीच्या जागी इरकली साडीचं कापड ताणलेलं, त्याचा लाल काठ आडवा. अशी एकच पेटी मी पाहिली होती, आणि ती आमच्याच मांडवात फुटली होती.

पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे. हा अ‍ॅम्प्लिफायर. आत काचेचे वॉल्व्ह असतात, ते तापून लाल झाल्याशिवाय आवाज येत नाही. भालकीला शरणप्पा नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते, त्यांनी तो हातानं बांधला होता. मल्लिनाथ हा त्यांचा मुलगा, आता गुलबर्ग्यात दुकान आहे. त्यानं वडिलांची पेटी नव्यानं बांधली होती. आतली जोडणी तीच, चौकट तीच, कापडसुद्धा आईच्या साडीचं. गुलबर्ग्यातल्या ऑर्केस्ट्रात हवाईन गिटार वाजवणारे दोघे-तिघे आहेत, त्यांना असा आवाज हवा आहे म्हणाला. पण विकण्याआधी अक्कानं वाजवून पाहावी, एवढ्यासाठी आला होता. जुन्या पेटीवर वाजवलेलं दुसरं कोण आहे?

अक्का म्हणजे माझी मधली बहीण. मॅट्रिकच्या वर्षी ती हैदराबादला मामांकडे राहिली. तिथं शेजारच्या बाईंकडे तिनं हवाईन गिटार पाहिली आणि मॅट्रिकबरोबर तीही पास करून आली. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बोटानं दाबलं की सूर पायरीपायरीनं चढतो, कांडीनं तो घसरत जातो, माणसाच्या गळ्यासारखा. अक्का संध्याकाळी ओसरीवर बसायची. भाकरीचा जाळ आत, गिटार बाहेर. आई म्हणायची, पोरगी रडायलीय का वाजवायलीय कळंना झालंय.

गिटार विजेची होती, आणि गावात वीज नुकतीच आली होती. नुसत्या गिटारीचा आवाज अंगणाच्याही बाहेर जात नसे. बँडवाल्यांच्या भोंग्याला जोडली तर ती पिपाणीसारखी किंचाळायची. म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भालकीहून शरणप्पांना बोलावलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. बोलावलं अण्णांनी. शरणप्पा स्वतःहून आले नव्हते.

शरणप्पा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी काही उघडलं नाही, काही जोडलं नाही. कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल, मांडी घालून बसले आणि अक्काला म्हणाले, हाडव्वा. म्हणजे गा, बाई. अक्का म्हणाली, मी गात न्हाई, वाजवते. ते हसले. कन्नडात वाजवायला वेगळा शब्द आहे, बारिसु. ढोल बारिसायचा, ताशा बारिसायचा. हे बारिसायचं वाद्य नव्हे, म्हणाले. हे हाडतं. मग अक्कानं सूर धरला आणि ते डोळे मिटून त्या सुराची शेपूट ऐकत राहिले. सूर सुरू कसा होतो ते कुणीही ऐकतं. तो संपतो कसा, ते ऐकायला ते भालकीहून आले होते. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. आज कसं हाडलं, काल जास्त हाडत होतं. आमच्या घरात तो शब्द इतका रुळला की आईसुद्धा म्हणायची, पोरी, जरा हाड की गं, पापड लाटताना बरं वाटतंय.

मराठीत हाड म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. कुत्र्याला आम्ही हाडच म्हणायचो. पण आमच्याकडे एकाच जिभेवर दोन्ही शब्द सुखानं राहतात. दारात कुत्रं आणि ओसरीवर अक्का असली तरी कुणाचा गोंधळ झाला नाही. तोंडाकडे बघितलं की कळतं.

आता अण्णांबद्दल. अण्णा तालुका कचेरीत होते. हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, उर्दूची जागा कन्नडानं घेतली, तेव्हा बऱ्याच जणांची अक्षरओळख एका दिवसात संपली. अण्णा कन्नड शिकले. नुसते शिकले नाहीत, असे शिकले की कन्नड शाळेचे मास्तर त्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचे. औरादच्या माणसाला सरकारकडे काहीही मागायचं असलं, विहीर, वाटणी, पेन्शन, तर तो सकाळी आमच्या ओसरीवर. तो मराठीत बोलायचा, अण्णा कन्नडात लिहायचे. वाचून दाखवायचे, परत मराठीत समजावायचे, आणि खाली कोपऱ्यात आपली सही करायचे, भाषांतर बरोबर असल्याबद्दल. एका शब्दाचा अर्थ चुकला तर माणसाचं वावर जातंय, असं म्हणायचे. मी ते ऐकत मोठी झाले. म्हणून माझा राग मोठा आहे.

थोरल्या ताईचं लग्न ठरलं ते अंबाजोगाईकडच्या मंडळींशी. घर चांगलं, माणसं कडक. त्यांना आमच्या गावाचं एकच कौतुक होतं, की तुम्ही कानडी मुलखात राहून मराठी बोलता. जसं काही आम्ही पाण्यात राहून कोरडे होतो. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी अक्का वाजवणार, आणि शरणप्पांची पेटी पहिल्यांदा चारचौघांत लागणार, असं ठरलं होतं.

मला त्या संध्याकाळचं सगळं वेगवेगळं आठवतं. आंब्याच्या डहाळ्या सुकून कुरकुरत होत्या. हुग्गीचा गोड वाफारा मांडवभर. पेट्रोमॅक्स तयार ठेवलेली, कारण विजेचा भरवसा नाही. पेटी बाकावर. शरणप्पांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, त्याची घडी मोडलेली नव्हती. त्यांनी बटण फिरवलं आणि अक्काला हातानं थांबवलं, कारण वॉल्व्ह तापायचे होते. आम्ही सगळे थांबलो. व्याही तेवढ्यात पान थुंकून बाकाच्या बाजूनं परत आपल्या जागेकडे निघाले. पेटीच्या मागं लाल उजेड आला. शरणप्पांचा चेहरा उजळला. ते अक्काकडे बघत, हात पुढं करत म्हणाले, "हाडव्वा. हाड, हाड."

आणि त्या हाताच्या आणि अक्काच्या मधोमध व्याही उभे होते.

पुढं जे झालं ते कुठल्याही मांडवात होतं तसंच. व्याही थबकले, कुणाला हाड म्हणतोस म्हणाले, त्यांचे मेहुणे उठले, पगड्या हलल्या. शरणप्पांना क्षणात कळलं. त्यांना मराठी येत होतं, भालकीत कुणाला येत नाही? त्यांनी हात जोडून आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, की मी पोरीला गा म्हणालो. त्यावर व्याह्यांनी जे विचारलं ते चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, पोरगी तर वाजवायला बसली आहे, मग गा कशाला म्हणशील?

झालं. जे शरणप्पांनी कौतुकानं म्हटलं होतं, तेच त्यांना खोटं ठरवायला पुरलं. बारिसु म्हणाले असते तर काहीच घडलं नसतं.

शरणप्पा अण्णांकडे वळले. कन्नडात म्हणाले, "हेळ्री अवरिगे." सांगा त्यांना. व्याहीही अण्णांकडेच वळले. म्हणाले, तुम्हाला कानडी येतं ना, हा म्हणतो ते खरं आहे का?

सगळा मांडव अण्णांकडे बघत होता. अर्ध्या मांडवाला कन्नड येत होतं. आचाऱ्याला येत होतं, बँडवाल्यांना येत होतं, ताटं मांडणाऱ्या बायकांना येत होतं. मी मोठ्यानं म्हणाले, ते गा म्हणायलेत. काकूनं माझं तोंड दाबलं. तिच्या हाताला हळदीचा आणि कांद्याचा वास होता.

अण्णा म्हणाले, "जाऊ द्या. लहान माणूस आहे, सोडून द्या."

एवढंच. खोटं नाही म्हणाले. खरंही नाही. ज्यांनी तालुक्यातल्या प्रत्येकाच्या विहिरीचं आणि वाटणीचं कन्नड केलं, त्यांना स्वतःच्या मांडवात एका शब्दाचं मराठी करता आलं नाही. मेहुण्यांनी वायर ओढली. पेटी बाकावरून तोंडावर पडली. आतल्या काचा फुटल्या तेव्हा आवाज फार झाला नाही. बांगड्या फुटाव्यात तेवढाच. अण्णांनी शरणप्पांना कन्नडात सांगितलं, पेटी उचला आणि जा. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलात काचा गोळा केल्या. जेवून जा, असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या मांडवातून उपाशी गेलेला एकच माणूस म्हणजे ते.

अण्णांना मी नंतर कित्येकदा विचारलं, कामून गप्प बसलात? कधी म्हणाले, व्याह्याला चूक ठरवायचं का चारचौघांत? कधी म्हणाले, पोरीचं लग्न मोडलं असतं. मोडलं नसतं. मी आता इतकी लग्नं केली आहेत की मोडणारं लग्न मला आठवडाभर आधी कळतं. व्याही थोडे खजील झाले असते, हसले असते, आयुष्यभर ती गंमत सांगत फिरले असते. ताईचे सासरे वाईट नव्हते. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता.

गंमत सांगितली ती आमच्याच लोकांनी. ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या, ज्यांना पक्कं ठाऊक होतं काय झालं, त्यांनीच शरणप्पांचं नाव हाडप्पा पाडलं. बाजारात ते दिसले की कुणीतरी कुत्र्याला हाकलल्यासारखं करायचं आणि मग म्हणायचं, तुम्हाला न्हाई अप्पा, कुत्र्याला. भालकीपासून औरादपर्यंत लग्नाच्या सुपाऱ्या त्यांना मिळेनाशा झाल्या. हाडप्पाला बोलावलं तर व्याही रुसतील, हा विनोद होता. विनोदानं माणसाचं दुकान बसतं, हे मी तेव्हा पाहिलं. अडाणीपणानं झालं असतं तर मी केव्हाच विसरले असते. अडाणी त्या मांडवात फक्त पाहुणे होते.

आणि अक्का. तिची गिटार माळ्यावर गेली. मांडवात वाजवणारी पोरगी, त्यावरून भांडण झालेली, असं स्थळांच्या कानावर जाऊ नये म्हणून. तिला बघायला आलेल्यांना शिवण येतं असं सांगायचे. गिटारीला पुढं वाळवी लागली. हुलसूरला तिचं चांगलं झालं, दुकान आहे, माणूस भला आहे. फक्त ती पोलादी कांडी तिनं शिवणाच्या डब्यात ठेवली होती. कापड कापताना कडेवर वजन म्हणून ठेवायची. मी पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची, आणि अक्का म्हणायची, तुला कामून राग येतोय गं, कापड हलत न्हाई यानं.

मल्लिनाथनं पेटी ओसरीवर ठेवली, कुणाची तरी मागून आणलेली गिटार काढली. अक्का पापडाच्या पिठाचे हात धुऊन आली. आत गेली, शिवणाचा डबा उघडल्याचा आवाज आला. अण्णा कोपऱ्यातल्या बाजेवर होते. आता त्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. इरकलीच्या काठाला हात लावून पाहिला त्यांनी.

मल्लिनाथनं बटण फिरवलं. वॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं असतं. आम्ही थांबलो. अंगणात पापडांवर चिमण्या उतरल्या, कुणी उठलं नाही. मागं लाल उजेड आला. मल्लिनाथ अदबीनं म्हणाला, "बारिस्री, अक्का."

बारिस्री. वाजवा. अक्काची कांडी तारांवर टेकलेली होती, ती तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. शरणप्पांच्या घरात तो दुसरा शब्द बंद झाला होता. आम्ही त्यांच्याच तोंडातून काढून घेतला होता.

मग तिनं एक सूर धरला. गाणं नाही, एकच सूर, आणि तो वर नेला, आणि सोडला. इतक्या वर्षांनी तिची बोटं जड झाली होती, पहिला सूर जरा खालीच लागला. पण तो संपायला लागला तेव्हा मला कळलं, पेटी तीच आहे. तो थरथरत, बारीक होत, ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि बाहेर उन्हात उतरला. आई असती तर लाटणं थांबवलं असतं तिनं.

अक्का कामाला लागली. वरचा सूर टोचायलाय, म्हणाली. मल्लिनाथनं पेटीची खुंटी फिरवली. आता दबायलाय. अजून फिरवली. पेटी जमिनीवर नको, बाकावर ठेव, फरशी घुमायलीय. तो पळून बाक घेऊन आला. खालच्या तारेला घरघर होती, ती त्यानं कागदाच्या कपट्यावर टिपून घेतली. खूप वेळ असं चाललं. दोघं एकमेकांशी कधी मराठीत, कधी कन्नडात बोलत होते आणि कुणाचा काही गोंधळ होत नव्हता.

शेवटी मल्लिनाथ म्हणाला, अडचण एकच आहे. गुलबर्ग्याचे लोक म्हणतात पेटीवर नाव पाहिजे. त्याला वडिलांचं नाव टाकायचं होतं. पण या भागात विकायला आणली तर लोक हसतील. तो अण्णांकडे वळला.

"अण्णा, वडील जाईपर्यंत म्हणत व्हते, औरादच्या अण्णांस्नी ठाऊक हाय मी काय म्हणालो ते. एक दिवस ते सांगतील. तुम्ही एवढं सांगा. नाव टाकू का नको?"

अण्णा म्हणाले, "जुनी गोष्ट झाली ती, बाबा."

मी उठलेच होते. पण अक्का माझ्या आधी बोलली. आवाज चढवला नाही तिनं, मांडीवरची गिटारही खाली ठेवली नाही.

"नाव हाड टाक."

मल्लिनाथला वाटलं ती चेष्टा करतेय. लोक कुत्र्याची पेटी म्हणतील, म्हणाला.

"म्हणू दे. पेटीवर हाड कामून लिवलंय म्हणून इचारतील का न्हाई? इचारलं की सांगायचं. दर गिऱ्हाइकाला सांगायचं. अण्णांनी एकाला सांगितलं न्हाई, तू समद्यांस्नी सांग. कन्नडातबी लिही आन मराठीतबी लिही."

पेटीची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. मी माझ्या यादीच्या वहीतलं कोरं पान फाडलं, पेन घेतलं आणि अण्णांच्या पुढं ठेवलं. तालुक्यात दोन्ही लिप्यांचं इतकं देखणं अक्षर अजूनही दुसऱ्या कुणाचं नाही. म्हटलं, लिहा. रंगारी यावरून काढील.

मला वाटलं नकार देतील. त्यांनी चष्मा मागितला. कागद डोळ्यांजवळ धरून आधी कन्नडात लिहिलं, गोल, ठसठशीत. त्याच्याखाली मराठीत, शिरोरेघ सरळ ओढून, हाड. पेन तिथंच टेकून ठेवलं बराच वेळ. मग त्याच्याखाली, जरा बारीक, त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले: म्हणजे गा.

मल्लिनाथनं ते मोठ्यानं वाचलं आणि खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. अक्कानं पुन्हा सूर धरला होता. मला रडू आलं नाही. एवढंच करायचं होतं, दोन शब्द, आणि ते या माणसाला येत होते, तेव्हाही येत होते, हे कागदावर दिसल्यावर माझा राग उलट वाढला. ज्यांना हे सांगायचं होतं ते व्याही केव्हाच वारले. ज्यांच्यासाठी सांगायचं होतं ते शरणप्पाही. ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला कन्नड येत होतं.

अण्णांचा हात थांबला नव्हता. अर्जाखाली आयुष्यभर करत आले तशी, सवयीनं, उजव्या कोपऱ्यात त्यांनी सही करायला घेतली. पहिलं अक्षर उमटलं.

मी कागद ओढून घेतला. म्हटलं, अण्णा, इथं सही शरणप्पांची.